शनिवारचं लखनौ

"चपला बाहेर. आणि आत यायच्या आधी हात दाखव."

दारातल्या मुलीनं मुकाट्यानं दोन्ही तळवे पुढं केले, शाळेत नखं तपासताना करतात तसे. बोटांना खडू लागला होता.

"मोरी तिकडं आहे. धू, कोरडे कर आणि मग पाच मिनिटं कशाला शिवू नकोस."

"पाच मिनिटं कशाला ओ बाई?"

"ओल जाईपर्यंत. आणि असले प्रश्न विचारायचे असतील तर खाली नसीमभाभी आहेत, त्यांना विचार. त्यांना वेळ असतो."

ती हसली. माझं बोलणं ऐकून हसणारं माणूस मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. लोक एकतर वाद घालायचे नाहीतर जिना उतरायचे. ही हसली, मोरीत गेली, हात धुऊन ओढणीला पुसले आणि दोन्ही हात हवेत धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"मी शीतल ऐवळे. शाळेत शिक्षणसेवक आहे. आमच्या हेडमास्तरांनी, मगदूमसरांनी पाठवलंय."

हे २००७ सालच्या फेब्रुवारीतलं. मिरजेच्या तार ऑफिसातून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती. लग्न केलं नाही. आईवडील गेले. भाऊ बडोद्याला, त्याचा फोन दिवाळीला यायचा. स्टेशनामागच्या गल्लीत नसीमभाभींच्या घरावरच्या दोन खोल्या माझ्याकडं होत्या. एका खोलीत मी राहायची आणि दुसऱ्या खोलीत सत्तावन्नचं युद्ध.

म्हणजे तीन पत्र्याच्या ट्रंका. आत लंडनहून निघणाऱ्या एका सचित्र साप्ताहिकाचे अंक, सत्तावन्नच्या जूनपासून पुढच्या दीड वर्षाचे, आणि मुंबईचे काही इंग्रजी पेपर. काही जबलपूरच्या रद्दीतून, काही मुंबईच्या चोरबाजारातून, बरेचसे इथल्या एका मिशनरी डॉक्टरांचं बिऱ्हाड मोडलं तेव्हा. सुट्टी मिळाली की लोक काशीला जायचे, मी रद्दीच्या दुकानात जायची. गल्लीतली पोरं मला रद्दीबाई म्हणायची. त्यांना वाटायचं मला ऐकू येत नाही.

मुलीनं काम सांगितलं. सत्तावन्नला दीडशे वर्षं होतायत म्हणून वरून पत्रक आलंय, प्रत्येक शाळेनं काहीतरी करायचंय. एक मेला झेंडावंदन आणि निकाल असतो, पालक येतात, त्या दिवशी प्रदर्शन भरवायचं मगदूमसरांच्या मनात आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं की कुंटेबाईंकडं त्या वेळचे पेपर आहेत.

"नाही," मी म्हटलं.

"बघू तरी द्या बाई."

"बघायला पाच मिनिटं झाली नाहीत अजून."

खरंच ती हात हवेत धरून उभीच होती. मला आतून हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. घड्याळाकडं बघत बसले आणि मग एक अंक काढून टेबलावर पांढऱ्या फडक्यावर ठेवला. लखनौच्या रेसिडेन्सीचं चित्र होतं, दोन पानं भरून. भिंती, तोफा, धूर. मुलगी वाकली. श्वास रोखून बघत राहिली.

"हा खराच त्या वेळचा आहे?"

"नाही, काल मी स्वतः छापला."

"तसं नाही ओ. म्हणजे हा कागद तेव्हा होता. लढाई चालू होती तेव्हा हा कागद होता."

एवढ्या वर्षांत हे असं कुणी म्हटलं नव्हतं. लोक पहिल्यांदा विचारायचे, याचे किती येतील. मी चहा टाकला. दोन कप टाकायचे म्हणजे साखर किती घालायची तेही मला आठवेना.

"पण द्यायचे नाहीत म्हणजे नाहीत," चहा देताना मी बजावलं.

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी येऊ का? शनिवारी सकाळची शाळा असते."

माझ्याही घरी शनिवारचाच दिवस होता. ते साप्ताहिक लंडनला शनिवारी निघायचं. म्हणून मी दर शनिवारी त्या आठवड्याचा अंक काढायची आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, पुढचा अंक न बघता. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. जूनच्या शेवटी मेरठची बातमी यायची, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत दिल्ली.

शीतलला हे सांगितलं तेव्हा ती घास हातात धरून थांबली. एव्हाना ती शनिवारी डबा घेऊनच यायला लागली होती. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. मी टेबलापासून लांब, गॅलरीत बसायला लावायची.

"पण बाई, दिल्ली तर सप्टेंबरात पडली."

"इथं पडली. तिकडं बातमी जायला महिना-सव्वा महिना लागायचा. बोटीनं."

"म्हणजे तेवढे दिवस पेपरात दिल्ली आपलीच?"

"आपलीच. इथं माणसं फासावर चढत होती आणि तिथं छापून येत होतं की दिल्ली काही हाती लागत नाही बुवा. ते चार-पाच अंक मी सावकाश वाचते."

"आणि आत्ता कुठपर्यंत आलोय?"

"आत्ता लखनौ. अजून उभं आहे."

"कधी पडणार?"

"पुढचा अंक बघायचा नाही म्हटलं ना."

तिला ते फार आवडलं. पुढच्या शनिवारी जिन्यातूनच ओरडत आली, "बाई, लखनौ आहे का अजून?" खालून नसीमभाभींनी वर बघितलं. मी म्हटलं, आहे, ये. त्या दिवशी मी सकाळपासून दोनदा गॅलरीत जाऊन आले होते. कुणाची वाट बघायची सवय मोडली होती माझी, आणि ती पुन्हा लागणं काही बरं नव्हे, हेही मला कळत होतं. पण लागली.

ती खूप विचारायची. तुम्ही हे कशाला गोळा केलंत? मी सांगितलं. विशीत तार खात्याच्या ट्रेनिंगला गेले, तिथल्या साहेबानं पहिल्याच दिवशी छाती फुगवून सांगितलं, की सत्तावन्न साली याच तारेनं इंग्रजांचं राज्य वाचवलं. बाकीच्यांनी लिहून घेतलं. माझं डोकंच फिरलं. ज्या खात्याचं मीठ खायला आले त्या खात्यानं आपल्या माणसांच्या मागं शिपाई धाडले? मग म्हटलं, बघू तरी त्यांनी काय काय छापलं होतं. बघायला गेले आणि बघतच राहिले.

"यात आपल्या माणसांना काय काय शिव्या दिल्यात बाई."

"देणारच. त्यांचा पेपर आहे. पण शिव्या कुणाला देतो माणूस? ज्याची भीती वाटते त्याला."

"तुम्ही तर सगळ्यांनाच देता," ती म्हणाली आणि जीभ चावली.

मी भुवया उंचावल्या आणि मग दोघी हसलो. असं कुणी मला माझ्याच घरात चिडवलं नव्हतं.

एका शनिवारी तिनं विचारलं, "तुमच्यामागं हे सगळं कुणाचं?"

हा प्रश्न मला रोज पडायचा. आमच्याच गल्लीतले एक निवृत्त मास्तर गेले, तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची पुस्तकं हातगाडीवर काट्यानं मोजून गेलेली मी गॅलरीतून पाहिली होती. भाच्यांना मराठी धड येत नाही. माझ्या ट्रंकांचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयाशी बोलणं चाललंय," मी तिला सांगितलं. "तिथले डॉक्टर रेगे म्हणून आहेत. फोनवर चांगलं बोलतात. म्हणाले, कागद चांगल्या स्थितीत असतील तर आम्ही वेगळ्या कपाटात ठेवू, कपाटावर तुमचं नाव लावू. एक मेला सांगलीत त्यांच्याकडचं लग्न आहे, तेव्हा येऊन बघणार आहेत."

"एक मेला? मग प्रदर्शनातच बघू देत की बाई! पोरंही बघतील, तेही बघतील. द्या ना."

आणि मी हो म्हटलं. रेगे येणार म्हणून म्हटलं असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तिनं मागितलं म्हणून म्हटलं.

नऊ अंक काढले. सगळे लखनौचे, सगळ्यांत चांगल्या चित्रांचे. जुन्या धुतलेल्या पातळात गुंडाळले, वेखंडाच्या कांड्या घातल्या आणि तिला समोर बसवून एकेक गोष्ट पाठ करून घेतली.

"टाचणी?"

"नाही."

"डिंक?"

"नाही."

"चिकटपट्टी?"

"अजिबात नाही."

"ऊन, ओला हात, पोरांची बोटं?"

"नाही, नाही, नाही. बाई, मी नजर काढणार नाही त्यांच्यावरनं."

"हे चिंध्यांच्या कागदाचे आहेत, आपल्या पेपरासारखे लगद्याचे नव्हेत. तुझ्या नातवंडांनाही पुरतील. फक्त त्यांच्या वाटेला जायचं नाही."

ती गाठोडं पोटाशी धरून जिना उतरली. स्कूटीवर न ठेवता रिक्षानं गेली. गॅलरीतून बघताना मला वाटलं, चला, एकदाचे योग्य हातात पडले.

एक मेला मी ठेवणीतली इरकल नेसले. झेंडावंदन झालं, निकाल वाटून झाले. पालक आणि पोरं शाळेच्या हॉलमध्ये जमली. मगदूमसर दारातच भेटले. उंच, घाईतला माणूस, बोलताना सारखा रुमाल फिरवणारा.

"या या कुंटेबाई! आज तुमचा सत्कार आहे. आमच्या ऐवळेबाईंनी काय काम केलंय बघा!"

मी आत गेले. हॉलच्या भिंतींना दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर माझे अंक होते. ते चमकत होते. ट्यूबलाइटचा उजेड त्यांच्यावरून परावर्तित होत होता. कागद कधी चमकत नाही. मला आधी समजेचना की हे काय आहे. जवळ गेले तेव्हा कळलं.

एकेक ताव सुटा करून प्लॅस्टिकमध्ये घातला होता. लॅमिनेशन. ओळखपत्रांना करतात ते. दोन्ही बाजूंनी, गरम रुळातून काढून, कडा व्यवस्थित कापून.

शीतल धावत आली. नवी साडी नेसली होती, केसात अबोली.

"बाई, बघा! टाचणी नाही, डिंक नाही, चिकटपट्टी नाही. सगळ्या पोरांनी हात लावले तरी काही होणार नाही. पाणी ओतलं तरी होणार नाही!" आणि तिनं लखनौच्या भिंतींवरून सगळा तळवा फिरवून दाखवला. "चार रात्री मला झोप नव्हती, सगळं पाळून लावायचे कसे म्हणून. मग हे सुचलं. एवढं मोठं मशीन सांगलीत एकाच फोटोवाल्याकडं आहे. दोन दिवस तिथंच बसून होते. तुम्ही म्हणालात ना नजर काढू नकोस, नाही काढली. पगाराचे पैसे घातले, सरांना बोलू नका. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं."

माझं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता. माझ्या तोंडातून! तार ऑफिसात माझा आवाज आला की शिपाई मागच्या दारानं पळायचे. तिच्या चेहऱ्याकडं बघत मी उभी राहिले. इतका आनंद झालेलं माणूस मी समोर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"आवडलं नाही का बाई?"

मी काही बोलणार तोच मागून कुणीतरी म्हणालं, "अरे देवा."

डॉक्टर रेगे. लग्नातूनच आले होते, कपाळाला अक्षता चिकटलेल्या. फोनवरच्या आवाजावरून मी ओळखलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एका तावाजवळ बोट नेलं आणि न लावताच मागं घेतलं.

"हे कुणी केलं?"

शीतलचं हसू तिथंच थांबलं. मगदूमसर लगबगीनं आले. "काय झालं साहेब? चांगलं टिकावं म्हणून..."

"टिकावं म्हणून? अहो, हे संपलं! हा दीडशे वर्षांचा कागद गरम रुळातून काढलात तुम्ही. हे प्लॅस्टिक आता निघत नाही. ते पिवळं पडणार आणि कागद आतल्या आत कुजणार. जगात याच्या किती प्रती राहिल्या असतील याची कल्पना आहे का कुणाला? कुणाच्या डोक्यातून हे आलं?"

हॉलमधली गडबड थांबली. पालक माना उंचावून बघायला लागले. मगदूमसरांच्या हातातला रुमाल थांबला. सगळ्यांसमोर शाळेची शोभा होत होती आणि त्यांना ती कुणाच्यातरी पदरात टाकायची होती.

"ऐवळेबाई," ते म्हणाले, "हे तुम्ही माझ्या परवानगीनं केलं का? नाही ना? कुणाची वस्तू आहे, काय आहे, विचारायची पद्धत असते की नाही? तुमचा तीन वर्षांचा अहवाल अजून माझ्याकडंच आहे, लक्षात आहे ना?"

शिक्षणसेवकाची तिसऱ्या वर्षानंतर नोकरी कायम होते, ती त्या अहवालावर. हे मला माहीत होतं. तिनंच एका शनिवारी सांगितलं होतं. घरी आई, दोन धाकटे भाऊ, आणि हिचीच काय ती मिळकत. तिनं तोंड उघडलं. ती खरं बोलणार होती, मला दिसलं.

"तिला काय विचारताय?" मी म्हटलं. "मी करायला सांगितलं."

"बाई..." शीतल म्हणाली.

"तू गप्प बस. मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालू नये." मग मी रेग्यांकडं वळले. "अंक माझे. मीच तिला म्हटलं, प्लॅस्टिक करून आण, टिकतील."

रेगे माझ्याकडं बघत राहिले. "तुम्ही कुंटेबाई?"

"हो."

"फोनवर तुम्ही मला चिंध्यांच्या कागदावर अर्धा तास ऐकवलं होतंत."

"ऐकवलं असेल."

"आणि तरी? हे निघत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"साठी उलटली की बुद्धी नाठी म्हणतात ना. तसं झालं."

ते वाईट माणूस नव्हते. मला अजूनही त्यांचा राग येत नाही. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, माझ्याच कागदांसाठी. माझ्याऐवजी तेच रडत होते म्हणा ना.

"घरी बाकीच्या ट्रंकांत काय काय करून ठेवलं असेल ते बघायची मला हिंमत नाही," ते म्हणाले. "ग्रंथालयापुढं मी कुठल्या तोंडानं ठेवू? जिनं हे केलं तिच्या नावाचं कपाट? माफ करा. संध्याकाळी तुमच्याकडं येणार होतो. आता येत नाही."

ते गेले. मगदूमसरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी माइकवर फुंकर मारली आणि कार्यक्रम पुढं चालू केला. एक मेच्या त्या उकाड्यात माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हटलं, शाळा चांगली आहे. शीतल कुठं दिसली नाही.

पुढचं आधी सांगून टाकते. जूनमध्ये तिची नोकरी कायम झाली. त्याच महिन्यात संस्थेनं तिला जत तालुक्यातल्या शाळेवर पाठवलं. ट्रंका अजून माझ्याकडंच आहेत. मी आता पंच्याहत्तरीला टेकले, पावसाळ्याआधी त्या गॅलरीत ओढायला मला माणूस लावावा लागतो. ग्रंथालयाला मी पुन्हा फोन केला नाही. केला असता तर खरं सांगावं लागलं असतं, आणि मिरजेपासून पुणं काही लांब नाही. लखनौचे नऊ अंक ट्रंकेवर वेगळे ठेवलेत. रेगे म्हणाले होते तसे ते कडांकडून पिवळे पडत चाललेत.

लोकांना वाटेल बाईनं मोठा त्याग केला. कसला त्याग घेऊन बसलात! त्या हॉलमध्ये उभी असताना माझा हिशेब अगदी साधा होता. कागद तर गेलेच होते. आता निदान शनिवार तरी वाचवावेत. मला पुण्यातलं कपाट नको होतं, माझ्या जिन्यावर कुणीतरी ओरडत यायला हवं होतं. म्हणून मी खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मी नेमक्या वेळी तोंड आवरलं, आणि मला वाटलं होतं की मी ते शनिवार कमावले.

त्याच एक मेला, ऊन उतरल्यावर, शीतल आली. जिन्यावर पाय वाजले, पण आवाज आला नाही. दार उघडलं तर ती सगळे ताव माझ्याच पातळात गुंडाळून उभी. पातळाची घडीही मी घातली होती तशीच. केसातली अबोली काढून टाकलेली.

"चपला काढ. ये आत," मी म्हटलं. "चहा टाकते."

"नको बाई."

"नको काय? सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस."

तिनं गाठोडं माझ्या हातात दिलं. प्लॅस्टिकमुळं ते जड झालं होतं.

"मी त्या साहेबांना गाठलं, स्टँडवर," ती म्हणाली. "त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. काय झालं ते. मी विचारलं, काहीच करता येणार नाही का? ते म्हणाले, काही नाही."

"त्यांना खरं सांगितलंस की काय?"

"सांगणार होते. तोंडातून निघालं नाही." ती खाली बघत होती. "तुमच्या कपाटाचं त्यांनी सांगितलं. तेही गेलं ना?"

"कपाट काय, लाकडाचं असतं. तुझी नोकरी राहिली ना? मग झालं तर."

"झालं कसं बाई? तीस वर्षांचे तुमचे कागद. मी ते हसत हसत... वर तुम्हाला हात फिरवून दाखवला."

ती रडायला लागली. मला माणसाला जवळ कसं घेतात ते येत नाही. मी गाठोडं धरून उभी राहिले.

"झालं ते झालं," मी म्हटलं. आवाज शक्य तेवढा मऊ केला. "मी काही बोलले का तुला? एक शब्द तरी बोलले?"

"तेच तर!" ती एकदम वर बघून म्हणाली. "बोलायचं होतंत! तुम्ही मला तिथं सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं ना बाई, तर बरं झालं असतं. रडले असते, दोन दिवस तोंड लपवलं असतं, आणि शनिवारी आले असते. आता तुम्ही हे असलं करून ठेवलंत. आता मी कुठल्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडानं ये की गं."

तिनं मान हलवली. वाकून माझ्या पायांना हात लावला आणि जिना उतरली. मी तिथंच. मला वाटत होतं, खालच्या पायरीवर थांबेल, वर बघेल. स्कूटी चालू झाल्याचा आवाज आला.

मग मला कळलं ती काय म्हणाली ते. मी गाठोडं कॉटवर टाकलं आणि गॅलरीत धावले. कठड्यावरून अर्धी बाहेर वाकले आणि ओरडले, पोटातून, तार ऑफिसात असताना ओरडायची तशी.

"ए शीतल! ए गधडे! अक्कल कुठं गहाण टाकली होतीस? लखनौ होतं ते, लखनौ! इस्त्री फिरवून आणलीस त्याच्यावर? दोन दिवस नुसती बघत बसलीस, कुणाला एक फोन करावा असं नाही सुचलं? कुणी सांगितला होता शहाणपणा? शनिवारी ये तू, चांगली सोलून काढते तुला! ऐकू येतंय का? शनिवारी ये!"

समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. रद्दीबाई म्हणणारी पोरं खेळायची थांबली. खालून नसीमभाभी हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि मान वर केली.

"बाई, कुणाला ओरडायलाय? ती कवाच गेली."

"माहितंय मला," मी म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ ओरडत राहिले.